गुलब्याचा खांदा आणि वाल्मिकची मान

वाल्मिक गंजीवरून पडला तो दिवस मनकर्णाला लख्ख आठवायचा. त्यानंतरचे दिवस मात्र एकमेकांत असे गुंतले होते की कोण काय म्हणालं आणि आधी म्हणालं की नंतर, हे तिला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

आभाळ भरून आलं होतं म्हणून वाल्मिक कडब्याच्या गंजीवर ताडपत्री बांधायला चढला. पन्नाशी ओलांडलेला माणूस, पण चढायची हौस विशीतली. मनकर्णा खालून ओरडत होती, "आवं, ऱ्हाऊ द्या, थोरल्या दादांना येऊ द्या," आणि हा वरून तिलाच शहाणपण शिकवत होता. दोरी ओढता ओढता हातातून सुटली आणि गडी थेट डोक्यावर खाली आला. उठला, कपडे झटकले, "काय न्हाई झालं" म्हणाला, आणि मग मान धरून जो बसला तो उठेचना.

नगरच्या एका मोठ्या दवाखान्यात त्याचे फोटो काढले, मशीनमध्ये घातलं, बाहेर काढलं. डॉक्टर तरुण होता आणि घाईत होता. मनकर्णाशी बोलताना त्याचे डोळे दारातल्या पुढच्या पेशंटवर होते.

"मानेच्या मणक्याला चीर गेलीय. मणका जागचा हललेला नाही, म्हणून ऑपरेशन नको. हा पट्टा लावलाय. दसऱ्यापर्यंत काढायचा नाही. झोपतानाही नाही. पोळ्यानंतर एकदा दाखवायला आणा."

एवढं बोलून तो गेला. पट्टा म्हणजे कडक प्लास्टिकचे दोन तुकडे, एक पुढून, एक मागून, हनुवटीपासून पार छातीपर्यंत आलेले. त्यात वाल्मिकचं तोंड असं वर धरलेलं की तो सारखा आढ्याकडे बघत असल्यासारखा दिसायचा. त्याला घेऊन मनकर्णा दाराशी पोचते तोच नर्सबाई धावत आली. "मावशी, पट्ट्याच्या आत घाम साचू देऊ नका बरं का. रोज पुसून कोरडं करायचं, नाहीतर जखमा होतात."

मनकर्णा गाडीत बसली आणि तिच्या डोक्यात भुंगा लागला. काढायचा नाही, आणि आतून पुसायचं. म्हणजे झाकण न उघडता डब्यातलं पीठ चाळायचं. परत आत जाऊन विचारावं असं तिच्या मनात आलंही, पण आत केवढी गर्दी, आणि आपण बावळट दिसू ही धास्ती. गाडी नेवाशाच्या रस्त्याला लागली.

घरी आल्यावर भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. आपल्याकडे आजाऱ्याला रिकाम्या हाताने आणि रिकाम्या तोंडाने कुणी भेटत नाही. हातात बिस्किटाचा पुडा असतो आणि तोंडात उपाय. शेजारची गोजरबाई पायाळू. कुणाच्या पाठीत उसण भरली की तिचा पाय लावायला अख्खी वस्ती तिला बोलावते. ती आली तीच पदर खोचून.

"पट्टाबिट्टा काढ. मानंला पाय लावते, दोन दिसांत नाचाया लागंल."

"नगं गं बाई," मनकर्णा म्हणाली. "हाड हाय ते, उसन न्हाई."

एवढं तिला कळलं होतं. पण गोजरबाईला परतवून लावणं सोपं; श्रीमंतदादांना कसं परतवणार? दादा म्हणजे वाल्मिकचे थोरले भाऊ. त्यांच्याकडेही मानेचा पट्टा होता, तोही डॉक्टरनेच दिलेला. पण तो मऊ, स्पंजाचा, अंगाच्या रंगाच्या कापडात शिवलेला. मोटारसायकलवर बाजाराला निघाले की दादा तो गळ्यात घालायचे आणि घरी आले की खुंटीला अडकवायचे.

"मला तालुक्याच्या डॉक्टरनं काय सांगितलं म्हाईत हाय का, बाई?" दादा ओट्यावर बसून म्हणाले. "पट्टा कायम लावायचा न्हाई. लई दिस लावला का मान ढिली पडती. मग ती डोकं तोलीत न्हाई. आन् हा रात्रंदिस लावून बसलाय."

"पन दादा, नगरचा डॉक्टर म्हनला, दसऱ्यापस्तोर काढायचाच न्हाई."

"दोघं बी डॉक्टरच की. मग खरा कोन?"

इथेच सगळं अडलं होतं. दोन्ही डॉक्टर शिकलेले, दोघांच्या दारात गर्दी, दोघांनी मानेबद्दलच सांगितलेलं, आणि दोघांचं सांगणं एकमेकांच्या उलट. मनकर्णाने पुण्याला दिपालीला, म्हणजे तिच्या लेकीला, फोन लावला. पोरगी हुशार, मोबाईलवर बघून सांगते म्हणाली. घटकाभराने तिचा फोन आला. "आई, यात काही कळत नाही गं. एका व्हिडिओत काढू नका म्हणतात, दुसऱ्यात म्हणतात पट्टा काढून व्यायाम करा. तू दवाखान्यातच विचार."

दवाखान्यात फोन लावला. तिकडच्या मुलीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "डॉक्टर ऑपरेशनमध्ये आहेत. पेशंटला घेऊन या." पण दिलेली तारीख पोळ्यानंतरचीच होती. मनकर्णाने वाल्मिकला सांगितलं, तेवढे दिवस कळ काढा. तो कुरकुरला, पण थांबला.

आणि इकडे पट्टा त्याला छळत होता. श्रावणातली कोंदट हवा, अंगाला घाम, हनुवटीखाली प्लास्टिकची कड. तो आत काडी घालून खाजवायचा. मग पट्ट्यातून वास येऊ लागला. जेवण वाढताना मनकर्णाला तो आला. बोट सरकवून पाहिलं तर बोटाला ओल लागली. नर्सबाई म्हणाली होती ती जखम हीच. आता ती पुसायची कशी, हे नर्सबाईने सांगितलं नव्हतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी दादांनी बैल प्रवरेवर नेऊन धुऊन आणले. वस्तीवर आता बैल उरलेत किती? ट्रॅक्टरच दारोदार. पण वाल्मिकने हौशा आणि गुलब्या ठेवले होते आणि त्यांच्यावरून कुणी थट्टा केली तर तो चिडायचा. त्या दिवशी दुपार कलली तशी मनकर्णाने वाटीत तूप घेतलं, त्यात हळद कालवली. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचा खांदा मळायचा असतो. वर्षभर ज्या खांद्यावर जू ठेवलं त्या खांद्याला हळद-तूप चोळायचं आणि त्याच्या कानात उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. घरधन्याने द्यायचं. दुसऱ्या कुणी दिलेलं वाल्मिकला चालायचं नाही.

तो गोठ्यात आला, आढ्याकडे बघत, पायाने वाट चाचपडत. गुलब्याच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला.

"अगं," तो म्हणाला, "मागल्या साली ह्याचा खांदा आल्ता. आठवतंय?"

तिला आठवत होतं. ओल्या रानात नांगर धरला होता, जुवाने खांदा सोलवटला, सुजला, त्यात पू झाला.

"तवा आपन काय केलं? जू काढलं. महिनाभर ह्याच्या खांद्याला काय लावू दिलं न्हाई. हळद-लोनी चोळलं. झाला का न्हाई बरा? का दसऱ्यापस्तोर जू ठेवलं हुतं त्याच्या खांद्यावर, बरं व्हायची वाट बघत?"

मनकर्णाने गुलब्याच्या खांद्यावरून हात फिरवला. त्यात खोट कुठे होती? सोलवटलेल्या मानेवरचा भार काढतात, हे त्या घरात लहान पोरालाही ठाऊक होतं. दोन डॉक्टरांच्या भांडणात ती इतके दिवस भरडली गेली होती, आणि इथे तिच्या डोळ्यांसमोर एक मान बरी होऊन उभी होती.

"दुखतंय का आता?" तिने विचारलं.

"कवाच थांबलंय. नुसती आग व्हतीया कातडीची."

"तेच म्हनतोय मी," दादा दाव्याची गाठ मारता मारता म्हणाले. "आन् भ्या वाटत आसंल तर माझा पट्टा घाल त्याला. मऊ हाय, टोचायचा न्हाई. पट्टा तर पट्टा."

हे ऐकून मनकर्णाचा जीव भांड्यात पडला. डॉक्टरचंही मोडत नाही आणि माणसाचे हालही होत नाहीत. तिने कडेच्या पट्ट्या ओढल्या. चर्र असा आवाज झाला आणि पट्टा दोन तुकडे होऊन तिच्या हातात आला.

आतली मान पाहून तिला रडू आलं. पांढरी पडलेली, सुरकुतलेली, आणि हनुवटीखाली दोन लाल जखमा. तिने वाटीतलं थोडं हळद-तूप हलक्या हाताने त्याच्या मानेला लावलं, जखमेच्या कडेकडेने. वाल्मिकने डोळे मिटले आणि असा काही सुस्कारा सोडला की ती रडता रडता हसली. मग त्याने हळूच मान वळवली आणि तिच्याकडे पाहिलं. किती दिवसांनी त्याने तिच्याकडे सरळ पाहिलं होतं!

"म्हातारी झालीस गं तू," तो म्हणाला.

"तुमी आढ्याकडं बघत हुता तवर झाले," ती म्हणाली. तिच्या मनात आलं, उगाच भ्यालो आपण. इतके दिवस उगाच माणसाला कोंडून ठेवलं.

दादांनी आपला मऊ पट्टा त्याच्या गळ्याभोवती गुंडाळून दिला. वाल्मिक हातात वाटी घेऊन हौशाचा खांदा मळून आला, मग गुलब्याचा. शेवटी गुलब्याच्या कानाशी वाकला. "आज आवतन, उद्या जेवाया ये," एवढं म्हणतो न म्हणतो तोच गुलब्याच्या कानावर माशी बसली असेल, त्याने सवयीने डोकं झटकलं. शिंग लागलंही नाही. वाल्मिक फक्त दचकून मागे झाला आणि त्याची मान मागे गेली.

वाटी खाली पडली. तूप मातीत सांडलं.

वाल्मिक तसाच उभा होता. चेहऱ्यावर वेदना नव्हती, नुसतं आश्चर्य होतं. "अगं," तो म्हणाला, "माझं हात कुठं हायत?"

हात होते जागेवरच, दोन्ही बाजूंना लोंबत. त्याने ते उचलायचा प्रयत्न केला आणि ते उचलले गेले नाहीत. मग त्याचे गुडघे वाकले. दादांनी त्याला कमरेला धरून भुईवर टेकवलं, आणि मनकर्णाने, कुणी काही सांगायच्या आधी, त्याचं डोकं आपल्या दोन्ही तळव्यांत धरलं.

दादांनी रुग्णवाहिकेचा नंबर लावला आणि मोबाईल तिच्या कानाशी आणला. पलीकडची बाई शांतपणे बोलत होती. त्यांना उचलू नका, बसवू नका, पाणी देऊ नका, डोकं सरळ रेषेत धरून ठेवा, गाडी निघालीय. मनकर्णाला त्या बाईचा आधार वाटला. ती एकटीच होती जिने एक गोष्ट सांगितली आणि तिच्या उलट दुसरी सांगितली नाही.

ती गोठ्यात मांडी घालून बसली, नवऱ्याचं डोकं हातात घेऊन. गोजरबाई आली, पाहून तोंडाला पदर लावून मागे सरली. दादा वाटेपर्यंत ये-जा करत होते आणि दर वेळी म्हणत होते, "माझ्यामुळं झालं. मी कशाला बोललो?" मनकर्णाला त्यांची समजूत घालायची होती, पण तिलाच माहीत नव्हतं कोणामुळे झालं. पट्टा काढल्यामुळे, की आधीच काहीतरी बिघडलं होतं म्हणून? गुलब्यामुळे? तिची मनगटं भरून आली, बोटं बधिर झाली. वाल्मिक म्हणाला, "सोड थोडा येळ, अवघडली आसशील." ती म्हणाली, "तुमी बोलू नका."

गाडी आली. त्या लोकांनी मऊ पट्टा काढून फेकल्यासारखा बाजूला ठेवला, कडक पट्टा बसवला, डोक्याच्या दोन्ही बाजूंना ठोकळे लावून त्याला फळीवर बांधलं. "आता सोडा, मावशी," त्यातला एक म्हणाला. तिने सोडलं नाही. त्याला परत म्हणावं लागलं, मग हात धरून तिची बोटं सुटी करावी लागली.

नगरच्या त्याच दवाखान्यात रात्रीच ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी, बाहेर कुणाकुणाच्या घरी पोळा चालला असेल तेव्हा, डॉक्टरीणबाईंनी मनकर्णाला बोलावलं. या वेळी डॉक्टर दुसऱ्या होत्या, केस पिकलेल्या, आवाज जाड.

"पट्टा का काढला?" त्यांनी विचारलं. रागावल्या होत्या, आणि राग लपवत नव्हत्या.

मनकर्णाने सगळं सांगितलं. दादांचा डॉक्टर, नर्सबाई, दिपालीचा मोबाईल, गुलब्याचा खांदा. सांगताना तिची तिलाच लाज वाटत होती. डॉक्टरीणबाई ऐकता ऐकता खुर्चीत मागे टेकल्या आणि त्यांचा राग हळूहळू उतरला.

"तुमच्या दिरांच्या मानेचे मणके झिजलेत, पण पक्के आहेत," त्या म्हणाल्या. "त्यांचा मऊ पट्टा मान धरून ठेवत नाही, नुसती आठवण करून देतो की फार वळू नका. थोडा आराम. तो कायम लावला तर मानेचे स्नायू आळशी होतात, हे खरंच आहे. पण यांचं हाड चिरलं होतं. कडक पट्टा ते जुळेपर्यंत हलू नये म्हणून. आत पुसायचं ते आडवं झोपवून. एकाने डोकं धरायचं, दुसऱ्याने पुढचा तुकडा काढून पुसायचं आणि लगेच लावायचा. कळलं?"

"न्हाई," मनकर्णा म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा ती डॉक्टरसमोर असं म्हणाली असेल. "परत सांगा. सावकाश सांगा."

डॉक्टरीणबाईंनी परत सांगितलं. मनकर्णा ऐकत राहिली, आणि ऐकता ऐकता तिचा चेहरा बदलला.

"बैलाचा पाय मोडला का आमी बांबूच्या कामट्या बांधतो," ती म्हणाली. "त्या मधीच सोडत न्हाईत. सोडल्या का पाय गेला."

"बरोबर."

"म्हंजी ह्या कामट्या हुत्या. जू नव्हतं."

"हो. कामट्या होत्या."

मनकर्णाने तोंडावर हात ठेवला. हे तर तिला येत होतं. एवढे दिवस ती जे शोधत फिरली ते तिच्या गोठ्यातच होतं, आणि तिने त्या गोठ्यातलंच दुसरं काहीतरी उचललं होतं. मागे पट्टा देताना एवढा एक शब्द कुणी बोललं असतं तर? की तिनेच वळून विचारलं असतं तर? तिला ठरवता येईना, आणि ठरवून आता उपयोगही नव्हता.

"पाय चालतील," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मज्जारज्जू दबला होता, तुटलेला नाही. तुम्ही डोकं धरून बसलात हे फार चांगलं केलंत."

"आन् हात? हात येतील का?"

"माहीत नाही. काहींचे येतात. काहींचे अर्धे येतात. आत्ता कुणीच सांगू शकत नाही."

मनकर्णा बाहेर आली. चारचौघांची सतरा मतं ऐकून तिचं डोकं फिरलं होतं, आणि आज मिळालेलं हे एकच उत्तर असं होतं की ज्यात चुकीचं समजायला जागाच नव्हती.

वाल्मिक खाटेवर होता, नवा कडक पट्टा लावलेला, डोळे छताकडे. त्या पट्ट्यातून त्याला ना आपलं अंग दिसत होतं, ना शेजारी कोण बसलंय ते. ती स्टुलावर टेकली, चादरीवरचा त्याचा उजवा हात तिने दोन्ही हातांत घेतला आणि चोळू लागली.

"आलीस का?" तो म्हणाला. "बैलांना जेवाया घातलं आसंल का दादांनी?"

"घातलं आसंल."

"डॉक्टर काय म्हनली?"

"बरं हुईल म्हनली. सावकाश."

बाजूच्या खाटेवरच्या पेशंटला कुणीतरी पुरणपोळी भरवत होतं, तिचा वास आला.

"अगं," वाल्मिक म्हणाला, "नुसती बसलीस व्हय? हात धर की माझा."

मनकर्णाने त्याच्या हाताकडे पाहिलं. तो तिच्या दोन्ही तळव्यांत होता, हळदीने अजून पिवळा.

"धरते की," ती म्हणाली, आणि धरलेला हात तसाच धरून राहिली.